विमीची टेकडी कशी पडली, आणि कॅनडाच्या फौजेचं विमीपलीकडचं काम

कॅनडातल्या मिसिसागात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. अकरा नोव्हेंबरच्या रिमेम्ब्रन्स डेसाठी, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनासाठी, त्यांच्या मुलाला शाळेत विमी रिजवर, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या टेकडीवर पहिल्या महायुद्धात झालेल्या लढाईवर, प्रकल्प करायचा आहे. पुस्तकात लिहिलंय, की चार कॅनेडियन डिव्हिजन तिथे पहिल्यांदा एकत्र लढल्या आणि कॅनडा राष्ट्र म्हणून जन्माला आला. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: फ्रेंच आणि ब्रिटिश जिथे अडले तिथे हे लोक कसे पोचले, या कथेत खरं किती आणि सजावट किती, आणि विमी सोडून मुलाला सांगण्यासारखं काय आहे.

मी तोफखान्यातला. देवळालीला शिकलो, पुढे तिथेच शिकवलं आणि निवृत्तीनंतर युद्धेतिहासावर बोलत असतो. त्यामुळे उत्तर तोफेच्या बाजूला झुकणार. विमीच्या बाबतीत तसं झुकलेलंच बरं. टेकडीवर पाय पायदळाने ठेवला, पण तिथवर जिवंत पोचता येईल अशी सोय गनर लोकांनी केली होती.

आधी एक दुरुस्ती. विमीवर मोठे हल्ले केले ते फ्रेंचांनी, १९१५ मध्ये. त्या परिसरात त्यांचे सुमारे दीड लाख लोक मेले किंवा जखमी झाले. ब्रिटिशांनी १९१६ मध्ये हा भाग ताब्यात घेतला, पण संपूर्ण टेकडीवर मोठा हल्ला त्यांनी केला नव्हता. टेकडी म्हटलं की आपल्याला सह्याद्रीचा कडा आठवतो; तसं तिथे काही नाही. साधारण सात किलोमीटर लांबीचा, हळूहळू चढत जाणारा उंचवटा आहे, सर्वांत उंच जागा १४५ मीटर. पण माथ्यावरून दोन्हीकडचं सपाट मैदान दिसतं. तोफखान्याच्या निरीक्षकाला याहून जास्त काय हवं? जर्मन वर बसले होते आणि खालचं सगळं त्यांना दिसत होतं.

कॅनेडियन कोअरचे, म्हणजे या चार डिव्हिजन मिळून झालेल्या फौजेचे, प्रमुख होते इंग्रज जनरल ज्युलियन बिंग. पहिल्या डिव्हिजनचे प्रमुख आर्थर करी यांना त्यांनी जानेवारी १९१७ मध्ये व्हर्दंनच्या रणभूमीवर पाठवलं: फ्रेंचांनी तिथे काय केलं ते बघून या. करी युद्धाआधी व्हिक्टोरियात जमीनजुमल्याचे व्यवहार करणारे गृहस्थ, पेशाने सैनिक नव्हेत. तिथे ते वरिष्ठ फ्रेंच अधिकाऱ्यांशी बोलले, आणि मग खालच्या हुद्द्यावरच्या, प्रत्यक्ष लढलेल्या अधिकाऱ्यांना गाठून तेच प्रश्न विचारले. वरच्यांचं आणि खालच्यांचं कुठे जुळतं, कुठे नाही, ते टिपून घेतलं. परत येऊन त्यांनी जे सुचवलं त्याचं सार असं: पलटणीतली (म्हणजे बटालियनमधली) छोटी तुकडी, म्हणजे प्लाटून, स्वतःच्या बळावर लढू शकली पाहिजे. तिच्यात लुईस मशीनगन असावी, हातबॉम्ब फेकणारे असावेत, रायफलमधून ग्रेनेड डागणारे असावेत. समोर मशीनगन आडवी आली तर मागच्या हुकमाची वाट न बघता तिला वळसा घालावा. आणि नकाशे फक्त अधिकाऱ्यांच्या खिशात न राहता खाली जवानांपर्यंत जावेत. विमीआधी सुमारे ४०,००० नकाशे वाटले गेले. आज हे साधं वाटेल. १९१७ मध्ये जवानाला आपण कुठे आणि का चाललोय हे सांगायची रीत फारशी नव्हती.

आता तोफा. कोअरकडे लहानमोठ्या मिळून ९८३ तोफा आणि मॉर्टर होते. हल्ल्याआधीच्या आठवड्यात दहा लाखांहून जास्त गोळे पडले. जर्मनांनी त्याला यातनांचा आठवडा म्हटलं. पण नुसत्या संख्येने काही होत नाही. सोमच्या लढाईत १९१६ ला गोळे काय कमी पडले होते? फरक तीन बाबतींत होता.

पहिली बाब फ्यूजची, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीची. जुना गोळा जमिनीत घुसून मग फुटायचा. खड्डा पडायचा, काटेरी तार उडून पुन्हा तिथेच गोळा होऊन बसायची, आणि पायदळ तिच्यात अडकून मरायचं. नवा १०६ नंबरचा फ्यूज नुसता स्पर्श झाला की फुटत होता. स्फोट आडवा पसरायचा आणि तारेचे तुकडे व्हायचे.

दुसरी बाब शत्रूच्या तोफा शोधण्याची. हे काम अँड्र्यू मॅकनॉटन यांच्याकडे होतं, मॅकगिल विद्यापीठातले इंजिनिअर. त्यांनी आघाडीमागे ओळीने मायक्रोफोन मांडले. जर्मन तोफ उडाली की तिचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनला सेकंदाच्या अंशाने मागेपुढे पोचतो. त्या फरकावरून तोफेची जागा काढता येते. जोडीला रात्री तोफेच्या तोंडाची झळक दोन-तीन ठिकाणांहून पाहून दिशा जुळवायची, विमानातून फोटो घ्यायचे, कैद्यांकडून माहिती काढायची. हे सगळं एका टेबलावर आणलं गेलं. हल्ल्याच्या दिवसापर्यंत समोरच्या २१२ जर्मन तोफांपैकी ८३ टक्क्यांच्या जागा त्यांना ठाऊक होत्या. पायदळ निघालं त्या क्षणी त्या जागांवर गोळे आणि विषारी वायू पडला. काउंटर बॅटरी, म्हणजे शत्रूच्या तोफा गप्प करण्याचं काम, शिकवताना आजही हे उदाहरण पुढे ठेवावं लागतं.

तिसरी बाब सरकत्या भडिमाराची, म्हणजे क्रीपिंग बॅराजची. पायदळापुढे गोळ्यांची भिंत उभी करायची आणि ती दर तीन मिनिटांनी शंभर यार्ड पुढे न्यायची. जवानाने तिच्या शक्य तितकं जवळून चालायचं. मागे राहिला तर जर्मन बंकरमधून वर येऊन मशीनगन मांडणार. पुढे गेला तर आपल्याच गोळ्याने मरणार. आठवडे न् आठवडे मागच्या शेतांत याचा सराव झाला. जमिनीवर फिती लावून जर्मन खंदक आखले होते, आणि गोळ्यांच्या भिंतीच्या जागी झेंडे घेतलेले घोडेस्वार ठरल्या वेगाने पुढे सरकायचे. घड्याळ बघत चालायची ही तालीम कंटाळा येईपर्यंत केली.

९ एप्रिल १९१७, ईस्टरचा सोमवार, पहाटे साडेपाच. बर्फमिश्रित पाऊस जर्मनांच्या तोंडावर येत होता. चुन्याच्या दगडात खोदलेल्या बोगद्यांतून पुष्कळशा तुकड्या थेट पुढच्या खंदकापर्यंत आल्या होत्या. पहिल्या लाटेत सुमारे १५,००० लोक निघाले आणि दुपारपर्यंत टेकडीचा बराचसा भाग हाती आला.

अडलं ते उंचवट्याच्या सर्वांत उंच जागी, हिल १४५ वर, चौथ्या डिव्हिजनपुढे. त्याचं एक कारण प्रकल्पात जरूर घालावं. समोरच्या जर्मन खंदकाचा एक तुकडा तोफांनी उद्ध्वस्त करू नये, तो आपल्याला पुढे ठाणं म्हणून वापरता येईल, अशी विनंती एका पलटणीच्या कमांडरने केली होती आणि ती मान्य झाली. त्या शाबूत तुकड्यातल्या मशीनगनने ८७ व्या पलटणीची पुढची लाट जवळपास निम्मी कापली. शेवटी संध्याकाळी ८५ व्या पलटणीला पाठवावं लागलं. नोव्हा स्कोशियाहून आलेले हे लोक तोवर ओझी वाहण्या-खोदण्याच्या कामावर होते. तोफांचा आधार न घेताच ते चढले आणि माथ्यावरचं ठाणं घेतलं. एक खंदक वाचवायचा म्हणून किती माणसं गेली, हे वाचून कुठलाही गनर अस्वस्थ होईल. १२ तारखेला 'पिंपल' नावाचं शेवटचं टोक पडलं. चार दिवसांत १०,६०२ हताहत, त्यांतले ३,५९८ मृत.

सजावट किती, याचं उत्तर यातच निघतं. बिंग इंग्रज. भडिमाराच्या आखणीत ज्यांचा हात होता ते ॲलन ब्रूकही ब्रिटिश सेनेतले, दुसऱ्या महायुद्धात चर्चिलचे मुख्य लष्करी सल्लागार झाले तेच. अवजड तोफा बहुतेक ब्रिटिश. शिवाय जर्मन सेनापतीने राखीव डिव्हिजन इतक्या मागे ठेवल्या होत्या की त्या वेळेवर आल्याच नाहीत. शत्रूची अशी चूक नेहमी वाट्याला येत नाही. आणि टेकडी पडून युद्ध काही वळलं नाही. जर्मन मागच्या मैदानात सरकले आणि तिथे नवी फळी धरली.

'राष्ट्र जन्माला आलं' हे तर नंतरचं बोलणं. त्याच १९१७ साली सक्तीच्या भरतीचा कायदा आला आणि कॅनडा उभा चिरला गेला. १९१८ च्या ईस्टरला क्वेबेक शहरात त्यावरून दंगल झाली, सैन्याच्या गोळीबारात चार नागरिक मेले. ब्रिटिश कोलंबियातल्या भारतीयांना तर १९०७ पासून मताचा अधिकारच नव्हता. तो मिळाला १९४७ मध्ये. विमीच्या तीनच वर्षं आधी भारतीय प्रवाशांचं कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरहून परत पाठवलं होतं. तुमच्या मुलाने हे लिहिलं तर शिक्षक रागावणार नाहीत, उलट खूश होतील असं मला वाटतं.

याच काळातला आपल्या बाजूचा एक धागाही सांगतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला तेव्हा नवखी पहिली कॅनेडियन डिव्हिजन भगदाडापाशी उभी राहिली. दोन दिवसांनी वायू थेट तिच्यावरच आला. मुखवटे नव्हते, लघवीत भिजवलेले रुमाल तोंडाला बांधले, वर त्यांची रॉस रायफल गरम झाली की अडकायची. सुमारे ६,००० हताहत झाले. तीच फळी सावरायला भारतीय लष्कराची लाहोर डिव्हिजन धावली, २६ एप्रिलला तिने प्रतिहल्ला केला आणि जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वर्षाखेर भारतीय पायदळ फ्रान्समधून हललं, पण लाहोर डिव्हिजनचा तोफखाना मागे राहिला आणि १९१६ मध्ये कॅनेडियनांच्या मागे उभा होता.

विमीनंतर करी कोअरचे प्रमुख झाले, आणि खरं लष्करी काम इथून पुढे झालं असं माझं मत आहे. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना लाँस शहर घ्यायला सांगितलं. त्यांनी जागा पाहिली आणि कळवलं, शहरात घुसून उपयोग नाही, शेजारची हिल ७० घेऊ. ती गेली तर जर्मनांना उलट हल्ले करावेच लागतील आणि आपल्या तोफा त्यांची वाट बघत असतील. तसंच झालं. जर्मनांनी २१ वेळा प्रतिहल्ले केले. बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या चिखलात उतरायला मात्र करींचा विरोध होता. यात १६,००० माणसं जातील, असा आकडा त्यांनी आधीच सांगितला. हुकूम आला म्हणून गाव घेतलं. हताहत झाले १५,६५४. इतका अचूक अंदाज असूनही हुकूम बदलला नाही, हा त्या युद्धाचा स्वभाव.

१९१८ चे शेवटचे शंभर दिवस शाळेच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. वास्तविक कॅनेडियन कोअरची सर्वांत मोठी कामगिरी तीच. ८ ऑगस्टला आमियाँपुढे एका दिवसात १३ किलोमीटर मजल. त्याआधी जर्मनांना हुलकावणी म्हणून एक छोटी तुकडी फ्लँडर्सला पाठवून तिथे वायरलेसवर मुद्दाम बडबड चालू ठेवली होती. २७ सप्टेंबरला नॉर्द कालव्यावर करींनी अख्खी कोअर जेमतेम अडीच किलोमीटरच्या कोरड्या पट्ट्यातून पलीकडे काढली आणि मग दोन्ही बाजूंना फाकवली. त्या चिंचोळ्या जागेत कोअर गोळा झाली आहे हे जर्मन तोफांना कळलं असतं तर कत्तल झाली असती. वरिष्ठ त्या योजनेवर साशंक होते. ती जमली, कारण तोफा, पूल आणि वेळ यांचा मेळ विमीपासून त्यांच्या अंगवळणी पडला होता. या शंभर दिवसांत सुमारे ४५,००० हताहत झाले. विमीच्या चौपटीहून जास्त.

दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात वाईट झाली. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगला १,९७५ कॅनेडियन होते, सोबत आपल्या राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या दोन पलटणी. नाताळच्या दिवशी शरणागती झाली. मग १९ ऑगस्ट १९४२, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं दिएप बंदर. जवळपास ५,००० कॅनेडियन उतरले, ९०७ मेले, १,९४६ कैद झाले. मोठ्या युद्धनौकांचा भडिमार नाही, आधी अवजड बाँबफेक नाही, समोर कड्यांवर मशीनगना. कॅलगरी रेजिमेंटचे काही चर्चिल रणगाडे किनाऱ्यावरच्या गोट्यांत रुतले, काहींचे पट्टे तुटले. विमीला जे जे केलं होतं ते ते इथे गाळलं होतं. त्यातून नॉर्मंडीसाठी धडे मिळाले असं म्हणतात. मला ते समर्थन नंतर शोधलेलं वाटतं. बाँबफेकीशिवाय बंदरावर समोरून जाऊ नये, हे कळायला इतकी माणसं मारायची गरज नव्हती.

त्याच कॅलगरी रेजिमेंटची पुढची भेट आपल्या लोकांशी आहे. इटलीत मे १९४४ मध्ये गारी नदी ओलांडायचं काम ८ व्या भारतीय डिव्हिजनकडे होतं. तिच्यात आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटणही होती. डिव्हिजनच्या मदतीला रणगाडे कॅनेडियन. नदीकाठी जर्मन मारा इतका, की पूल बांधायला उभं राहणं शक्य नव्हतं. कॅलगरीच्या कॅप्टन टोनी किंग्जमिल यांनी तोड काढली: तयार बेली पूल एका बुरूज काढलेल्या शर्मन रणगाड्याच्या पाठीवर ठेवायचा, मागून दुसऱ्या रणगाड्याने ढकलायचा. पुढचा रणगाडा सरळ नदीत उतरला आणि तळाशी बसला. मागच्याने रेटा दिला आणि पुलाचं टोक पलीकडच्या काठाला टेकलं. १२ मेच्या सकाळी रणगाडे पार झाले. पलीकडे त्याच दिवशी शिपाई कमल राम यांनी मशीनगनची ठाणी मोडून काढली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला धारातीर्थी पडले; त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मिसिसागातल्या वर्गात हा पूल सांगायला तुमच्या मुलाइतका हक्काचा माणूस दुसरा नाही.

गारीच्या आधी, डिसेंबर १९४३ मध्ये, ॲड्रिॲटिक किनाऱ्यावर ओर्तोना गावची लढाई झाली. समोर जर्मन पॅराशूट डिव्हिजन. त्यांनी घरं पाडून गल्ल्या बुजवल्या होत्या आणि चौक मोकळे ठेवले होते, तिथे येणारा मारायला. लॉयल एडमंटन आणि सीफोर्थ हायलँडर्सच्या जवानांनी गल्लीत पाऊल टाकायचंच सोडलं. घर घेतलं की वरच्या मजल्यावर जायचं, शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीत सुरुंगाने भोक पाडायचं, धूर असतानाच आत ग्रेनेड टाकायचा आणि मग जिन्याने खाली उतरत खोली-खोली रिकामी करायची. मग पुढची भिंत. २८ डिसेंबरला गाव हाती आलं. त्याच आठवड्यात पश्चिमेला विला ग्रांदेत ८ वी भारतीय डिव्हिजन झुंजत होती. मोरो नदीच्या कॅनेडियन स्मशानभूमीत १,६०० हून अधिक थडगी आहेत. दक्षिणेला सांग्रोकाठी दहन झालेल्या भारतीयांचं स्मारक आहे, पाचशेहून अधिक नावांचं.

नॉर्मंडीचा जुनो बीच सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आटोपतं घेतो: ६ जून १९४४, सुमारे १४,००० कॅनेडियन, त्या दिवशी साडेतीनशेच्या आसपास मृत. मला जास्त बोलावंसं वाटतं ते तिथल्या दुसऱ्या कॅनेडियन कोअरचे प्रमुख गाय सिमंड्स यांच्याबद्दल. २५ जुलैला व्हेरिएर टेकडीवर ब्लॅक वॉच या कॅनेडियन पलटणीचे तीनशेहून जास्त लोक गव्हाच्या शेतातून वर गेले आणि पंधराच्या आसपास धड परतले. उघड्या रानात पायदळ चालवायचं नाही हे सिमंड्सनी मनावर घेतलं. त्यांच्याकडे प्रीस्ट नावाच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती गाडीवर बसवलेल्या तोफा पडून होत्या. त्यांतली तोफ काढून टाकली, भोकावर पोलाद जोडलं आणि जवान आत बसवले. आठवडाभरात वर्कशॉपने ७६ गाड्या तयार केल्या. ७ ऑगस्टच्या रात्री त्यांत बसून पायदळ जर्मन फळीच्या पार गेलं. कँगारू म्हणत त्यांना. आज जगभरचं पायदळ चिलखती गाडीतून जातं, त्याची ही सुरुवात समजायला हरकत नाही, जरी तोफ काढून टाकली याचं मला थोडं दुःखच आहे.

आणि शेल्ट नदीचं मुख. बेल्जियमचं अँटवर्प बंदर ४ सप्टेंबर १९४४ ला धडधाकट हाती आलं, पण समुद्रापर्यंतची ८० किलोमीटरची वाट जर्मनांकडे. फौजेला पेट्रोल-दारूगोळा नॉर्मंडीहून ट्रकने येत होता. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरींचं लक्ष हॉलंडमधल्या आर्नेमच्या चढाईकडे. ही वाट मोकळी करायचं काम पहिल्या कॅनेडियन आर्मीवर पडलं, तिच्यात ब्रिटिश आणि पोलिशही होते. सपाट, पाण्याने भरलेली जमीन, चालायला फक्त बांध, आणि बांधावर चढलं की शत्रूला दिसणार. वाल्खेरन बेटाचे बांध बाँबने फोडून समुद्र आत सोडावा लागला. ८ नोव्हेंबरला संपलं. ६,३६७ कॅनेडियन हताहत. सुरुंग काढून २८ नोव्हेंबरला पहिला काफिला बंदरात आला, आघाडीला फोर्ट कॅटराकी, कॅनडातच बांधलेलं जहाज. या लढाईत झेंडा रोवतानाचा फोटो काढायला उंच जागाच नव्हती, कदाचित म्हणून ती लक्षात राहिली नाही.

ओर्तोनात कंपनी चालवणारे जिम स्टोन कोरियात पलटणीचे प्रमुख होते. कापयोंग, एप्रिल १९५१, हिल ६७७. रात्री चिनी फौज ठाण्यात घुसली तेव्हा एका कंपनीने न्यूझीलंडच्या तोफखान्याला स्वतःच्याच जागेवर मारा मागितला: आपले खंदकात, ते उघड्यावर. टेकडी राहिली, १० मृत, २३ जखमी. ही पलटण ज्या ब्रिगेडमध्ये होती, तिची वैद्यकीय सेवा आपल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सकडे होती.

प्रकल्पासाठी एवढं करा. पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन सैनिकांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. गावातल्या युद्धस्मारकावरचं एक नाव मुलाला निवडू द्या आणि त्याची फाइल उघडा. भरतीच्या फॉर्मवर धंदा काय लिहिलाय ते आधी वाचा: शेतकरी, कारकून, सुतार. मग हॉस्पिटलच्या नोंदी आणि पगाराची पानं. त्या माणसाची पलटण ९ एप्रिलला कुठल्या डिव्हिजनमध्ये होती ते शोधा. चौथी निघाली तर हिल १४५ चा नकाशा शेजारी ठेवा.